आव्याजवळ ओ द्यायची नाही

आमच्या घरात कुणी कुणाला लांबून हाक मारत नसे. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला सगळ्यात आधी खटकलं ते हेच. माझं माहेर दुधनीच्या बाजूचं. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि दोन्ही भाषांत बोंबलणारं. तिथं विहिरीवरून घरात आणि घरातून पलीकडच्या गल्लीत हाका चालायच्या. कुणाची भाकरी करपली हे साऱ्या आळीला कळायचं. आणि इथं काय, तर नवरा अंगणात उभा असला तरी आत चालत यायचा, अगदी जवळ उभा राहायचा आणि हळूच म्हणायचा, "पाणी दे गं." सुरुवातीला दचकून माझ्या हातातली भांडी पडायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अवो, माणूस हाय का मांजर? लांबनं बोलायला जीभ झिजती व्हय?" तो हसला नाही. पाणी प्यायला आणि गेला.

हे लिहिताना मी कुणाचंच नाव घेणार नाही. आव्याची गोष्ट सांगताना नाव घेऊ नये असं आमच्यात आहे. माझी मुलगी म्हणते, "आता कसली भीती? लिही की बिनधास्त." तिला काय जातंय! तिनं तो आवा पाहिलाय, पण ती तेव्हा एवढीशी होती. मी पाहिलाय तो शहाण्या वयात.

आमचं घर कुंभारवाड्याच्या अगदी टोकाला होतं. मागं उघडा माळ, आणि माळावर मडकी भाजायचा खड्डा, तो आमचा आवा. तिथून मिलची चिमणी दिसायची आणि भोंगा झाला की आमची गाढवं कान टवकारायची. घरात माणसं मोजकी. मी, नवरा आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. एक थोरले दीरही होते, ते तर त्याच्याही आधी, प्लेगात गेलेले. त्यांच्याविषयी घरात कुणी अवाक्षर काढत नसे. कोनाड्यात त्यांची काळी टोपी तेवढी होती. आत्याबाई रोज सकाळी पदरानं तिच्यावरची धूळ पुसायच्या आणि पुन्हा तिथंच ठेवायच्या.

मला आई नव्हती. मी रांगत होते तेव्हाच ती गेली. त्यामुळं सासू म्हणजे काय असतं ते ऐकून मी चांगली कंबर कसून आले होते. एक बोलली तर चार ऐकवायची तयारी होती. पण आत्याबाई बोलायच्याच कमी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पुढ्यात बसवलं, डोक्यावर तेल घातलं आणि केसांतला गुंता इतक्या सावकाश सोडवला की मला रडू फुटलं. "दुकलं का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "न्हाय, उगीच." त्या दिवसापासून माझी सगळी तयारी वाया गेली.

माहेरी आमची सगळी मडकी लाल. भाजायची, काढायची, विकायची, संपलं. काळं मडकं मी सासरीच पाहिलं. चाक पुरुषाचं, बाईनं हात लावला तर चाक बाटतं म्हणायचे. बाटायला त्याला काय देव्हाऱ्यात बसवलंय? पण कोण ऐकतंय. म्हणून आत्याबाई चाकाशिवायच मडकं घडवायच्या. आतून एका हातात दगडी गोटा धरायचा, बाहेरून दुसऱ्या हातानं लाकडी थापी मारायची, आणि थापटत थापटत मडक्याचं पोट वाढवत न्यायचं. अर्धवट वाळलं की गारगोटीनं घोटायचं. हे मडकं काळं भाजलं की पाझरत नाही. म्हणून माळावरचे धनगर दुधातुपासाठी आमच्याच दारात यायचे, आणि नव्या पेठेतले एकदोन दुकानदार तेलासाठी मागून न्यायचे.

काळं करायचं म्हणजे रंग लावायचा असं शहरातल्या बायकांना वाटतं. रंग कसला! मडक्याला धूर पाजायचा. पहाटे खड्ड्यात गोवऱ्या आणि तुराट्या, त्यावर पालथी मडकी, वर पुन्हा गोवऱ्या आणि फुटकी खापरं रचून आवा पेटवायचा. उन्हं चढेस्तोवर आत मडकी लालबुंद दिसायला लागायची. मग जी घाई उडायची! ओलसर लीद, शेणाचा चुरा, भुस्सा त्या लाल ढिगावर लोटायचा आणि धूर पसरायच्या आत वरून राख आणि ओला चिखल थापून सगळं बंद करायचं. जाळ मरतो, धूर आत कोंडतो आणि मडकी तो धूर पितात. दिवस कलेपर्यंत आवा तसाच ठेवायचा. मधेच चिखलाला चीर गेली आणि आत वारं शिरलं, की तिथलं मडकं पुन्हा लाल पडतं. म्हणून एकानं ओल्या चिखलाची पाटी घेऊन शेजारी बसायचं आणि चीर दिसली की बुजवायची. हे बसणं आत्याबाईंकडं होतं.

आणि बसणाऱ्यानं बोलायचं नाही. नाव घ्यायचं नाही. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. आत्याबाईंना हे त्यांच्या सासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या सासूनं.

"आत जे कोंडलंय न्हवं, त्येला भाईर यायचं आसतं," त्या मला म्हणाल्या. "ते वळखीच्या मानसाच्या आवाजात बोलावतं. आपन ओ दिली की त्येला वाट गावती. आन ओ देनारा जातो."

"आन खरंच कुनाला काम आसलं तर?"

"तर त्यानं उठून जवळ यावं. खांद्याला हात लावावा. जित्या मानसाला चालता येतंय की."

मी तोंडाळ, पण तेव्हा गप्प बसले. मडकं उन्हात कसं ठेवावं हे सांगावं, तशा सहज त्यांनी हे सांगितलं.

पहिल्यांदा मी त्यांच्याजवळ बसले तो वैशाखातला दिवस होता. मीच हट्ट धरला. माझा असा समज होता की हे सगळं म्हाताऱ्या बायकांचं थोतांड आहे आणि आपण ते उघड करू. सोलापूरचं ऊन काय सांगावं. माळ नुसता हालताना दिसत होता. कुत्री कुठं तरी सावलीला गेली होती. पाखरू नाही, माणूस नाही. आवा आमच्यापुढं ओल्या चिखलाखाली निजलेला. हळूहळू चिखल वाळून फिका पडू लागला आणि मला वाटलं, हा ढीग जरासा वर येतोय आणि खाली जातोय. मी डोळे चोळले. उन्हानं होत असेल म्हटलं.

मग तो आवाज आला. खालून, मातीतून. "हूंऽऽ" असा, बारीक, लांबलेला. एखाद्याच्या तोंडावर हात दाबून धरावा आणि त्यानं आतून काही तरी सांगायचा प्रयत्न करावा, तसा. मडकी पालथी असतात, आत हवा फिरते आणि त्यांची तोंडं घुमतात, हे मला आज माहीत आहे. पण तेव्हा भर उन्हात माझ्या पाठीवर थंडगार घाम आला. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी दोन्ही तळवे कानांवर दाबले होते. चिखलाचे हात, चिखल गालावर ओघळत होता. डोळे घट्ट मिटलेले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिन्हीसांजेला आवा निवला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय आयकलंस?"

"मडकी घुमायलीत, आणखी काय?"

"तेवडंच?"

"व्हय, तेवडंच."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या.

रात्री जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला धरलं. सोडलंच नाही. तो नेहमीसारखा जवळ येऊन बसला आणि पुष्कळ वेळ चुलीतल्या राखेत काडी फिरवत राहिला.

"प्लेगाच्या साली आमी माळावर झोपड्यात ऱ्हात हुतो," तो म्हणाला. "वाड्यातली सगळीच तितं. दादाला गाठ आली. मी बारका, मलाबी ताप. आन मडक्यांना मागनी तर लई. मानूस मेलं की लोकं जुनी मडकी फोडून टाकायची, नवी न्यायची. बा मडकी इकायला गेल्याला, म्हनून आईनंच आवा लावला. धूर कोंडून आव्याम्होरं बसली. आन दादा हाक मारायला लागला. आई, आई. पयल्यांदा मोट्यानं. मग बारीक."

"आन?"

"झोपडीतनं आई दिसत हुती. पाठमोरी. मला उटता येत न्हवतं, त्यालाबी येत न्हवतं. तिनं मागं बगितलं न्हाय."

"आयकू गेलं नसंल त्यास्नी."

"गेलं की. तिनं कानावर हात दाबले, मी बगितलं. तिला वाटलं, आवा बोलावतोय." काडी मोडली. "सांज झाली, मग उटून आली. तवर दादा गेला हुता. तोंड उगडंच हुतं त्येचं."

बाहेर गाढवाच्या खुरांचा आवाज येत होता.

"तवापास्नं दर आव्याला तिला त्येची हाक येती," तो म्हणाला. "ती ओ देत न्हाय. दिली तर ती जाईल, आन मी मागं ऱ्हायलेलो. माज्यासाटी दिली न्हाय तिनं. आन मी तिला लांबनं कदी हाक मारत न्हाय. तिला कसं कळावं, मी बोलावतोय का त्यो?"

मला संताप आला. त्या आव्याचा आला, त्या कुठल्या तरी कधीच्या मेलेल्या सासवांचा आला, आणि त्या म्हातारीचाही आला. पोटचं पोर बोलावतंय आणि आई कान झाकून बसते! मग रात्रभर मला त्यांचा चिखलानं भरलेला चेहरा दिसत राहिला आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. सकाळी त्या माझी वेणी घालायला बसल्या तेव्हा मी मान वळवून त्यांच्या हातावर गाल टेकला.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. आत्याबाईंनी मला ओझं उचलू देणं बंद केलं. चिंचा कुठून आणायच्या त्यांनाच ठाऊक. बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरी कोण होतं करायला? "हितंच करू," त्या म्हणाल्या. "मी हाय की." या तीन शब्दांवर मी निश्चिंत होते.

तो बाजाराचा दिवस होता. नवरा गाढवांवर मडकी लादून पहाटेच गेला होता आणि सगळा कुंभारवाडा त्याच्या मागोमाग ओस पडला होता. मला अजून अवकाश होता, निदान आमचा सगळ्यांचा हिशेब तसा होता. धनगर मेंढरं घेऊन पुढं निघायचे होते आणि त्यांना दुधाची मडकी हवी होती, म्हणून आत्याबाईंनी आवा लावला. उन्हं चढल्यावर धूर कोंडला. मला म्हणाल्या, "तू पड जरा आत. मी बसते." आणि पाटी घेऊन आव्यापुढं जाऊन बसल्या.

मी ज्वारी निवडत होते. पहिली कळ आली तेव्हा वाटलं, पाठ धरली. दुसरी आली तेव्हा सूप हातातून सुटलं आणि ज्वारी घरभर झाली. मी भिंत धरून उठायला गेले आणि पाय लटपटून खाली बसले. लुगडं भिजलं होतं. पुढच्या कळेनं मला जमिनीवर आडवं केलं, ती मी पुन्हा उठलेच नाही. सरपटत दाराजवळ आले. मागच्या दारातून माळ दिसत होता, आवा दिसत होता, आणि आव्यापुढं बसलेल्या आत्याबाई. पाठमोऱ्या.

नवऱ्यानं हेच पाहिलं होतं. हीच पाठ.

हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आजही मला कुणी वेडी म्हणेल. पण मला त्या क्षणी दोन गोष्टी लख्ख दिसल्या. मी हाक मारली, तर त्या कान झाकतील. आणि संध्याकाळी येऊन त्यांना कळेल की ही हाकही खरीच होती. एकदा झालं ते त्यांनी इतकी वर्षं ओढलं. दुसऱ्यांदा कसं ओढतील? आणि खरं सांगायचं तर भीती माझी मलाही होती. मी हाक मारावी आणि माझ्या आईच्या जागी असलेल्या बाईनं मागं वळून बघू नये, हे मला सोसलं नसतं. मेले असते तरी चाललं असतं, पण ते नको. मी पदराचा बोळा केला आणि दातांत धरला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. कळा येत होत्या, जात होत्या, आणि मूल काही पुढं सरकत नव्हतं. मला कळत होतं की काही तरी अडलंय. डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि त्या अंधारीतून तो आवाज ऐकू यायचा. "हूंऽऽ." आज तो मोठा होता. जमीन माझ्या कानाखाली घुमत होती. बाहेर सगळं जागच्या जागी थिजलेलं. मिलच्या चिमणीचा धूरही सरळ उभा, हालत नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होते, पोरी, किंवा पोरा, जो कुणी असशील, आपण आता जातोय.

तेवढ्यात आत्याबाईंची पाठ ताठ झाली. त्यांनी हात उचलले आणि कानांवर दाबले. मी बघत होते. हाक आली होती त्यांना. मी तर पदर चावत पडलेले. वाड्यात कुणी नव्हतं. माळावर कुणी नव्हतं. आणि त्या अशा वाकल्या होत्या, की जणू त्यांच्या अगदी कानाशी येऊन कुणी तरी ओरडत असावं. पुढं झुकल्या, मागं झुकल्या. मान हलवत होत्या, नाही, नाही. मग त्यांनी हात खाली सोडले.

"ओऽऽ!"

तो आवाज मी कधी विसरायची नाही. सगळा माळ त्यानं भरला. "आले रे! आले, आले माज्या राजा!"

पाटी उलटी झाली. त्या पडत धडपडत धावत आल्या, केस सुटलेले, कोपरापर्यंत चिखल. दारात आल्या आणि माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या पलीकडं, भिंतीकडच्या कोपऱ्यात बघत राहिल्या. तिथं काही नव्हतं, सांडलेली ज्वारी होती. पण आत्याबाई त्या कोपऱ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या, हात पुढं केला, आणि मग मी कण्हले तेव्हा कुठं वळून मला पाहिलं.

पुढचं मला तुटक आठवतं. रांजणातलं पाणी त्यांनी हातांवर ओतून घेतलं. "पदर सोड तोंडातला. आरड. आरड की गं!" असं त्या म्हणत होत्या. नाळ बाळाच्या मानेभोवती बसली होती. त्यांनी ती बोटानं सोडवली, मडक्याच्या ओल्या काठाला लावावा तसा हलका हात. बाळ निळं होतं. त्यांनी ते उलटं धरलं, पाठीवर थापटलं. एकदा, पुन्हा. मग पोर रडली आणि मीही रडले.

अजून थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. हे मी म्हणत नाही, नंतर आलेली सुईण म्हणाली.

पोरीला माझ्या कुशीत देऊन त्या भिंतीला टेकून बसल्या. दम लागला होता. "बरं झालं बाय, हाक मारलीस," त्या म्हणाल्या.

"मी न्हाय मारली."

"आगं, आई म्हनून हाक आली की. लई आली. न्हाय न्हाय म्हनून बसले, तर थांबंचना."

"आत्याबाई, माज्या तोंडात पदर हुता."

त्यांनी तो पदर उचलला. अजून ओला होता, दातांनी जागोजाग फाटला होता. तो त्यांनी बोटांवर पसरून बघितला. मग कोनाड्यातल्या टोपीकडं बघितलं. बाहेर आव्याचा चिखल तडातडा फुटत होता आणि धूर मोकळा होऊन वर चालला होता. त्या उठल्या नाहीत.

नवरा बाजारातून आला तो उघडा आवा बघून धावतच. दारात थबकला, पोरीकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "आई, ओ दिलीस?"

"दिली," त्या म्हणाल्या. "पोरगी झालीय. गूळ आन जा."

त्या आव्यातलं एक मडकं धड निघालं नाही. सगळी काळीतांबडी, डागाळलेली. धनगरानं उलटीसुलटी करून बघितली, नाक मुरडलं आणि तरी घेऊन गेला. आमचं लक्ष मडक्यांत नव्हतंच. ओ देणारा जातो. नवरा झोपेतून उठून आईच्या नाकाशी हात धरायचा. मी त्यांच्या खोकल्यालाही दचकायची. बारसं झालं, पावसाळा गेला, दिवाळी आली, आणि आत्याबाई होत्या तशाच होत्या. पोरीला तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या, तिच्याशी न थांबता बोलायच्या. मला वाटलं, चला, सुटलो.

मग पुन्हा आवा लावला. त्या बसल्या. मी पोरीला घेऊन दारातून बघत होते. त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत. उलट मान तिरकी करून, ढिगाकडं कान देऊन बसल्या होत्या. संध्याकाळी उठल्या आणि जेवल्या नाहीत. पुढच्या आव्याला तेच. त्याच्या पुढच्या आव्याला तेच.

"आज बी आली न्हाय," एकदा त्या म्हणाल्या.

मी मूर्ख, मी म्हटलं, "बरं झालं की आत्याबाई. सुटलात."

त्या माझ्यावर अशा खेकसल्या की पोर रडायला लागली. "सुटले? हाक येत हुती तवर त्यो हुता गं! आता कुटं हाय त्यो? कुटं हाय?" मग तोंडात पदर कोंबून रडल्या. त्यांना असं हुंदके देत रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पोर पाय टाकायला लागली, एकेक शब्द बोलायला लागली, त्या सुमाराची गोष्ट. असाच उन्हाचा दिवस. आवा कोंडलेला. मी दारात बसले होते आणि पोर माझ्या मांडीवर डुलक्या घेत होती. आज मडकी फार घुमत होती. आत्याबाई बराच वेळ ऐकत बसल्या. मग त्या पुढं वाकल्या, तापल्या चिखलावर दोन्ही हात टेकले आणि त्यांनी थोरल्या दिरांचं नाव घेतलं. मोठ्यानं. हाक मारली.

ते नाव त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. मी इथं लिहीत नाही.

घुमणं थांबलं. एकदम थांबलं, कुणी कान टवकारावा तसं. त्यांनी पुन्हा हाक मारली. माळ तसाच पडलेला. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांचा आवाज चिरला. आई हाक मारत होती आणि ओ येत नव्हती. मला ते बघवेना. उठून जावं, खांद्याला हात लावावा असं वाटत होतं, आणि पाय उचलत नव्हते.

माझ्या मांडीवर पोरीनं मान वर केली. डोळे उघडले आणि आव्याकडं बघून स्पष्ट म्हणाली, "ओ."

मी तिच्या तोंडावर झटकन हात दाबला. उशीर झाला होता. आत्याबाई वळल्या. त्यांच्या मागं आव्याच्या चिखलाला एक चीर गेली आणि त्यातून धुराची रेघ वर आली. ओ देणारा जातो, ओ देणारा जातो, एवढंच डोक्यात. पोर माझ्या हाताखाली वळवळत होती आणि तिचा कोंडलेला आवाज तळहाताला लागत होता. "हूं. हूं."

आत्याबाई उठल्या. या वेळी धावल्या नाहीत. चिखलाची पाटी तिथंच ठेवून सावकाश चालत आल्या, माझ्यापुढं बसल्या आणि पोरीच्या तोंडावरचा माझा हात त्यांनी धरला.

"दाबू नगंस गं," त्या म्हणाल्या. "बोलू दे तिला."

आणि माझी बोटं त्यांनी एकेक करून सोडवली.